मेन्सवेअर लुकबुक बघून स्वतःचे कपडे कसे ठरवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुकबुक म्हणजे नक्की काय? ब्रँडच्या साईटवर कपड्यांचे फोटो असतातच की.

साईटवर एकेक वस्तू सुटी दिसते, पांढऱ्या बॅकग्राऊंडवर शर्ट, मग पँट, मग जॅकेट, खाली साईझ निवडा आणि कार्टमध्ये टाका. लुकबुकमध्ये त्या सीझनचं कलेक्शन माणसाच्या अंगावर डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण घालून दाखवलेलं असतं, एका फोटोत एक लुक, आणि बऱ्याचदा लुक १, लुक २ असे नंबर टाकलेले. मुळात हे प्रकरण दुकानांसाठी माल घेणारे बायर आणि मासिकवाले यांच्यासाठी होतं, म्हणजे त्यांना 'लुक १४ मधलं जॅकेट पाहिजे' असं सांगता यावं, आपल्यासारख्यांना ते ऑनलाईन बघायला मिळायला लागलं ते नंतर.

ॲड कॅम्पेन वेगळी, त्यात चार फोटो आणि भरपूर वातावरण, शर्टाची बाही दिसली तर नशीब. मासिकातलं फॅशन एडिटोरियल अजून वेगळं, तिथे स्टायलिस्ट पाचसहा ब्रँडचे कपडे एकत्र करून काहीतरी गोष्ट सांगत असतो. आपल्या कामाचं सगळ्यात जास्त लुकबुकच, कारण साधा उजेड, माणूस सरळ उभा, आणि पँट बुटावर कुठे टेकते तेसुद्धा दिसतं.

एसएस, एफडब्ल्यू, प्री-फॉल ही काय भानगड आहे? जानेवारीत कोट दाखवतात आणि दुकानात मिळतच नाहीत.

एसएस म्हणजे स्प्रिंग समर, एफडब्ल्यू म्हणजे फॉल विंटर (काही जण एडब्ल्यू लिहितात, तेच ते). पुरुषांच्या फॅशनचं वर्ष दोन महिन्यांभोवती फिरतं, जानेवारी आणि जून. फ्लोरेन्समध्ये १९७२ पासून पित्ती उओमो नावाचा मोठा ट्रेड शो भरतो, तो वर्षातून दोनदा, ह्याच दोन महिन्यांत, आणि त्याच्याच आगेमागे मिलान आणि पॅरिसचे मेन्स शो. जानेवारीत जे दाखवतात ते त्याच वर्षीच्या थंडीचं, जूनमध्ये दाखवतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचं. म्हणजे जून २०२५ मध्ये दाखवलेलं कलेक्शन एसएस २६. मधल्या काळात ऑर्डरी घेतात, कापड विणलं जातं, कपडे शिवले जातात, आणि साधारण सहा महिन्यांनी माल दुकानात येतो. प्री-फॉल आणि रिसॉर्ट ही दोन मोठ्या सीझनच्या मधली कलेक्शनं, त्यात सहसा नाटकीपणा कमी आणि घालण्यासारखे कपडे जास्त असतात, म्हणून ती आवर्जून बघा.

आत्ता घालायला काहीतरी पाहिजे असेल तर सहा महिन्यांपूर्वीचं लुकबुक उघडा, आजचं नाही. आणि दक्षिण गोलार्धात राहत असाल तर ऋतू उलटे, त्यामुळे तुमचं गणित अजून वेगळं.

मी राहतो तिथे थंडी अशी पडतच नाही. मग अर्धी लुकबुकं माझ्यासाठी फुकटच ना?

फुकट नाहीत, फक्त वेगळ्या कारणासाठी बघायची. एसएसची लुकबुकं कापडासाठी आणि एफडब्ल्यूची रंगांसाठी, असं मी तरी करतो.

उन्हाळ्याच्या कलेक्शनमध्ये कापडांची नावं बघत जा. लिनन घाम पटकन शोषतं आणि लवकर वाळतं, पण धाग्यात लवचिकपणा नसल्याने चुरगळणारच, ते चुरगळलेलं आवडत नसेल तर लिननच्या नादी लागू नका. सीरसकर नावाचं कापड असतं, त्यात विणताना काही उभे धागे ताणलेले आणि काही सैल ठेवतात म्हणून त्याला कायमच्या सुरकुत्या पडतात, कापड अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीची कटकटच नाही. आणि लोकर म्हटली की स्वेटर आठवतो पण ट्रॉपिकल वूल म्हणून पातळ, जाळीदार विणीची लोकर असते, तिची पँट गरम हवेत जाड कॉटनच्या पँटपेक्षा कितीतरी बरी वाटते.

थंडीच्या लुकबुकमधले ब्राऊन, ऑलिव्ह, वाईन, चारकोल हे रंग एकमेकांशेजारी कसे ठेवलेत ते उचला आणि पातळ कापडात उतरवा. फोटोत करड्या फ्लॅनेलची पँट आणि चॉकलेटी कॉर्डरॉयचं जॅकेट असेल तर तुमच्याकडे करडी ट्रॉपिकल वूल आणि चॉकलेटी लिननचा शर्ट, बटणं उघडी टाकून. रंग तेच, घाम नाही.

एक फोटो समोर आहे. त्यात नक्की बघायचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून इथे जरा वेळ घेतो. बहुतेक जण फोटो बघून 'हे जॅकेट कुठे मिळेल' असं विचारतात आणि तिथेच गाडी घसरते, कारण लुक जॅकेटमुळे जमलेला नसतो, जॅकेट आणि बाकीच्या चार गोष्टींचं आपसात जे नातं आहे त्यामुळे जमलेला असतो, आणि ते नातं फुकट नेता येतं.

समजा फोटो असा आहे. ऑलिव्ह रंगाचं चार खिशांचं फील्ड जॅकेट, आत ओटमील (म्हणजे फिकट बेज) रंगाचा गोल गळ्याचा स्वेटर, त्याच्या गळ्यातून बोटभर पांढरा टीशर्ट दिसतोय, खाली ऑफव्हाईट जीन्स आणि ब्राऊन स्वेडचे (म्हणजे मऊ, लव असलेल्या चामड्याचे) लोफर.

पहिले डोळे बारीक करून बघा, म्हणजे वस्तू धूसर होतात आणि फक्त गडद-फिकट उरतं. इथे बाहेर गडद, आत फिकट, खाली फिकट, बूट परत गडद. स्वेटर आणि जीन्स दोन्ही फिकट असल्यामुळे मधे एक सलग उभा पट्टा तयार होतो आणि जॅकेट त्याला दोन्ही बाजूंनी चौकट देतं. जॅकेटच्या आत काळा टीशर्ट घातला असता तर हाच लुक पार वेगळा झाला असता.

मग लांबी बघा. जॅकेट कुठे संपतं, सीटच्या खाली की कमरेला? स्वेटर जॅकेटच्या खाली डोकावतोय का? पँट बुटावर नुसती टेकतेय, की घोळ पडलाय, की घोटा दिसतोय? मग घेर, इथे जॅकेट ढगळ आहे आणि पँट सरळ, ना स्किनी ना वाईड. मग पोत, आणि हा भाग लोक कायम विसरतात. जॅकेटचं खरखरीत कॅनव्हास, लव असलेला स्वेटर, कडक डेनिम, मऊ स्वेड, चारही गोष्टी मॅट आहेत, कशालाच चकाकी नाही. ह्यावर चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट घालून बघा, काहीतरी खटकेल आणि काय खटकतंय ते लवकर सांगता येणार नाही.

शेवटी बारीकसारीक. बाह्या एकदाच दुमडल्यात, जॅकेटची बटणं उघडी, मोजे दिसत नाहीत.

आता कपाट उघडा. ऑलिव्ह जॅकेट नाहीये पण ऑलिव्ह जाड शर्ट आहे, तो उघडा घाला. ओटमील स्वेटर नाही, क्रीम टीशर्ट आहे. ऑफव्हाईट जीन्स नाही, फिकट बेज चिनो आहे. ब्राऊन बूट असतीलच. एक रुपया खर्च न करता त्या फोटोतलं बरंचसं तुमच्या अंगावर आलं.

फोटोत भारी दिसतं, तेच घेऊन मी घातलं की गबाळं दिसतं. असं का?

दुरून डोंगर साजरे, आणि इथे तर डोंगराला मागून क्लिपा लावलेल्या असतात. खरंच, शूटच्या वेळी जॅकेट पाठीत जास्त ढगळ होत असेल तर मागून क्लिप किंवा पिना लावून आवळतात, समोरून काही कळत नाही. सॅम्पल कपडे सहसा एकाच साईझचे असतात, साधारण इटालियन ४८ म्हणजे ३८ इंच छातीचे, आणि ते ज्या मॉडेलला बसतात त्यालाच उभं करतात, त्याची उंची सहा फूट ते सहा-तीन. फोटो काढायच्या आधी स्टीम मारलेली असते. कॅमेरा कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्याही खाली ठेवला की पाय अजून लांब दिसतात. शिवाय तो माणूस त्या क्षणी न हलता उभा आहे, तुम्ही दिवसभर बसता, वाकता, बॅग खांद्याला लावता.

ह्यावर दोन उपाय. एक, कलेक्शनचा चालतानाचा व्हिडिओ असेल तर तो बघा, कापड हलल्यावर खरं काय ते कळतं. दोन, मापं घ्या. तुमच्याकडे एखादी पँट असेलच जी सगळ्यात छान बसते, ती सपाट पसरून टेपने कंबर, मांडी, पुढची राईज (म्हणजे दोन पायांच्या जोडाच्या शिवणीपासून कमरपट्ट्याच्या वरच्या काठापर्यंत) आणि खालचा घेर मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. मग साईझ चार्टशी ताडून बघा. मीडियम, लार्ज ह्या शब्दांना ब्रँडगणिक वेगळा अर्थ आहे पण सेंटीमीटर सगळीकडे तेवढाच. सपाट मोजल्यावर खालचा घेर १८ सेंटीमीटर आणि २२ सेंटीमीटर, कागदावर फरक चारचा दिसतो, पायावर ती सरळ सरळ दुसऱ्या जातीची पँट असते.

आणि टेलरकडे जायला लाजू नका. पँटची लांबी, कंबर, बाहीची लांबी ही सोपी कामं. खांदा मात्र जवळपास हात लावण्यासारखा नसतो, म्हणून जॅकेट घेताना खांदा बसत असेल तरच पुढे बोला.

मी बुटका आहे / पोट सुटलंय. माझ्यासारखं कोणी लुकबुकमध्ये दिसतच नाही.

खरं आहे आणि ही त्या धंद्याची जुनी खोड आहे, काही ब्रँड आता वेगवेगळ्या वयाची आणि बांध्याची माणसं घेतात पण अजून कमीच. तुमच्यासाठी खरा खजिना लुकबुकच्या बाहेर आहे. जपानमधल्या बीम्ससारख्या दुकानांच्या साईटवर त्यांचा स्टाफ स्वतः तेच कपडे घालून फोटो टाकतो आणि सोबत स्वतःची उंची लिहितो. युनिक्लोचं स्टाईलहिंटही तसंच. लुकबुकमध्ये लुक आवडला की तीच वस्तू १६५ सेंटीमीटरच्या माणसावर कशी दिसते ते तिथे शोधा.

बाकी उंची कमी असेल तर वर-खाली एकदम विरुद्ध रंग टाळलेले बरे, कारण पांढरा शर्ट आणि काळी पँट म्हटलं की माणूस मधोमध कापला जातो. पँटची कंबर जरा वर, जॅकेट जरा आखूड. पोट असेल तर कपडे आवळू नका, आणि तंबूही घालू नका, जरा वजनदार कापड जे खांद्यावरून सरळ खाली पडतं ते घ्या आणि वर एक उघडा लेअर (म्हणजे वरून घालायचा शर्ट किंवा जॅकेट) टाका. 'जाड माणसाने उभ्या रेघाच घालाव्यात' छाप नियम मला तरी पटत नाहीत, शर्ट नीट बसला तर आडव्या रेघाही चांगल्या दिसतात.

सुरुवात करायची तर कुठली लुकबुकं बघू?

तुम्ही रोज काय घालता त्यावर आहे. ब्लेझर, टाय, निटवेअर ह्या वाटेने जायचं असेल तर लंडनचं ड्रेक्स, १९७७ मध्ये सुरू झालं, टाय आणि स्कार्फवाले म्हणून ओळख, आता ब्लेझरखाली जीन्स आणि डोक्याला टोपी असलं सगळं मजेत एकत्र करतात. साधेपणा पाहिजे तर मार्गारेट हॉवेल हा ब्रिटिश ब्रँड, वरवर काहीच घडत नाही असं वाटतं पण कॉलर आणि लांबी बघत बसा. रंग आणि कापड शिकायचं तर टोकियोचं ऑरली, र्योता इवाई यांनी २०१५ मध्ये काढलेलं, फिकट रंगावर फिकट रंग कसा ठेवायचा ते तिथे बघा. लेअरिंगसाठी इंजिनिअर्ड गारमेंट्स, डाईकी सुझुकींचं, न्यूयॉर्कमधलं, एकावर एक इतके खिसे आणि इतकी कापडं की आधी हसू येतं, मग एखादी गोष्ट हळूच उचलावीशी वाटते. स्नीकर, टोपी, लोकरी कोट असं शहरी मिश्रण आवडत असेल तर टेडी सँटिस यांचं एमे लिऑन डोर, २०१४ पासूनचं.

एकदम दहा ब्रँड फॉलो करू नका, डोकं भणभणतं. दोन घ्या आणि त्यांचे मागचे तीनचार सीझन ओळीने बघा, एकच डिझायनर तोच विचार दरवेळी कसा थोडा थोडा बदलतो ते दिसायला लागलं की तुमची नजर तयार व्हायला लागली.

एवढे महाग कपडे परवडत नाहीत, मग बघून काय उपयोग?

बघायला पैसे पडत नाहीत. आणि वर सांगितलं तसं, घ्यायचंय ते प्रमाण आणि रंग, लेबल नाही. सेकंडहँडमध्ये फील्ड जॅकेट, चोअर कोट (कामगारांचा साधा, खिशांचा कोट), ऑक्सफर्ड शर्ट, ट्वीड ह्या गोष्टी भरपूर मिळतात, कारण डिझायनरांनी मुळात त्या जुन्या मिलिटरी, कामगारांच्या आणि इतर रोजच्या कपड्यांवरूनच घेतलेल्या असतात, म्हणजे तुम्ही मूळ वस्तूकडेच जाताय. कमी पैशात काय घ्यायचं आणि कुठे जास्त घालायचे असं विचाराल तर मी बुटांवर जास्त घालीन आणि टीशर्टवर कमी.

लेअरिंग केलं की मी गाठोड्यासारखा दिसतो.

आत पातळ, बाहेर जाड, हे बहुतेकांना माहीत असतं, पण घोळ बाह्यांत होतो. जाड स्वेटरवर अरुंद बाहीचं जॅकेट चढवलं की काखेत सगळं जमा होतं आणि हात पेंग्विनसारखे बाजूला राहतात. लुकबुकमध्ये बाहेरच्या कपड्याचा काखेजवळचा भाग बघा, तिथे मोकळी जागा दिसेल. घरी घालून दोन्ही हात वर करा, शर्ट पँटमधून बाहेर आला किंवा जॅकेट कानापर्यंत गेलं तर एक लेअर कमी करा.

टीशर्टचं वजनही बघा, १५० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा टीशर्ट आत घालायला बरा, २२० च्या पुढचा जाड टीशर्ट एकटाच वर घालायला छान दिसतो पण शर्टच्या आत फुगतो.

रंग जुळवायला जमतच नाही. काही युक्ती?

फोटो फोनवर ब्लॅक अँड व्हाईट करा. चांगल्या लुकमध्ये रंग काढल्यावरही तीन वेगवेगळ्या छटा स्पष्ट दिसतात, किंवा मग सगळं मुद्दाम एकाच छटेत असतं. मग आरशासमोर स्वतःचा फोटो काढून तोही तसाच करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. 'काहीतरी चुकतंय' हे लगेच डोळ्यांना दिसतं, बहुतेक वेळा सगळं मधल्याच करड्यात अडकलेलं असतं.

लुकबुकच्या फोटोंना नंतर टोन दिलेला असतो, सगळ्यावर थोडी पिवळसर किंवा निळसर झाक. त्यामुळे फोटोतला 'सुंदर गवती हिरवा' घरी आल्यावर भलताच निघू शकतो. घ्यायच्या आधी साईटवरचा साधा फोटो आणि कोणी घेतलेल्याने टाकलेला फोटो, दोन्ही बघा. आणि तुमच्या त्वचेच्या रंगाशी जुळणारा मॉडेल ज्या लुकमध्ये असेल तो लुक आधी बघा, बेज आणि क्रीम प्रत्येकावर वेगळे दिसतात.

शेकडो फोटो सेव्ह केलेत, सकाळी परत तीच निळी जीन्स.

फोल्डर नावाच्या विहिरीत फोटो टाकायची सवय सगळ्यांना असते. सेव्ह करताना खाली एक ओळ लिहा, का आवडला. 'कॉलर स्वेटरच्या बाहेर', 'पँट आखूड, बूट जाड', एवढंच. ओळ सुचत नसेल तर तुम्हाला मॉडेल आवडलाय किंवा मागची भिंत, फोटो सोडून द्या. मग थोड्या दिवसांनी त्या ओळी सलग वाचा, त्याच त्याच दोनतीन गोष्टी परत परत येतील, तीच तुमची आवड. आदल्या रात्री त्यातली एक गोष्ट निवडून कपडे काढून ठेवा, फक्त एक. सकाळी घाईत कोणालाच काही सुचत नाही.

जुन्या सीझनची लुकबुकं बघितली तर आउटडेटेड दिसेन का?

रंग आणि लेअरिंग जुने होत नाहीत, पँटचा घेर होतो. डिझायनर एडी स्लिमान २००० ते २००७ डिओर ओममध्ये (डिओरचे पुरुषांचे कपडे) होते तेव्हा त्यांनी सगळ्या जगाची पँट अरुंद करून टाकली, नंतर हळूहळू लोक परत रुंद पँटकडे वळले. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचा लुक उचलताना वरचं सगळं ठेवा आणि खालची पँट आणि बुटाचं तोंड आजचं घाला, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. आणि कधीकधी उलटं, जुन्यातच मजा असते.

ऑफिसला हे चालेल?

रनवेवरचं, म्हणजे फॅशन शोमधलं, नाही, प्री-फॉलमधलं बरंचसं चालेल. एका वेळी एकच गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी ठेवा, म्हणजे बाकी सगळं नेहमीचंच पण शर्टऐवजी निटेड पोलो, किंवा बूट स्वेडचे. बॉसने विचारलं 'आज काय विशेष' तर जरा जास्त झालं असं समजा.

टोपी, स्कार्फ, अंगठ्या, चष्मे हे पण कॉपी करायचं?

स्टायलिस्ट ते फोटो भरायला घालतो. आवडत असेल तर घ्या, नाहीतर सोडा. बेल्ट आणि मोजे मात्र बघत जा, ते खरंच फरक करतात.

हल्ली एआयने बनवलेले लुक खूप फिरतात. त्यावरून आयडिया घेऊ का?

रंगांसाठी घ्या, कपड्यांसाठी नको. झूम करून बघा, बटणं असतात पण समोर काज नसतं, खिशाची शिवण मधेच गायब होते, कॉलर एका बाजूला स्वेटरच्या आत आणि दुसरीकडे स्वेटरमध्येच विरघळलेली. कापडही असं पडलेलं असतं की ते लिनन आहे का लोकर सांगताच येत नाही, आणि मग तसं कापड शोधत आठवडाभर फिराल आणि मिळणार नाही कारण ते कोणी विणलेलंच नाहीये. फोटोवर शंका आली तर गुगल लेन्समध्ये टाकून बघा, खऱ्या लुकबुकचा फोटो असेल तर बहुतेक वेळा ब्रँड आणि सीझन सापडतो, आणि मग त्याच कलेक्शनचे बाकीचे वीसपंचवीस लुकही मिळतात.